वेशीवर थांबा: आपल्या तालुक्यातल्या कमानी आणि गावपाट्यांचे फोटो कसे काढाल

सातारा-पंढरपूर रस्त्याने एसटीत खिडकीशी बसलात तर कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड अशा मोठ्या थांब्यांच्या मधे डाव्या-उजव्या हाताला सतत कमानी दिसतात. कुठे सिमेंटचे दोन खांब आणि वर आडवी पट्टी, कुठे घुमट, कुठे नुसता लोखंडी सांगाडा. ‘ग्रामपंचायत अमुक आपले सहर्ष स्वागत करीत आहे’ एवढं वाचून होईतो गाडी पुढे गेलेली असते.

तीन वर्षांपूर्वी मी कोरेगाव तालुक्यातल्या या कमानी आणि पाट्या टिपायला घेतल्या. ना फोटोग्राफीचं शिक्षण, ना भारी कॅमेरा. चुका भरपूर केल्या, त्यातल्या काही तुमच्या वाचाव्यात म्हणून हे लिहितोय. उदाहरणं सातारा जिल्ह्यातली आहेत, कारण मला तोच ठाऊक आहे. तुमच्या तालुक्यात मजकूर बदलेल, काम तेच राहील.

एकच तालुका धरा

जिल्हा धरू नका. सातारा जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि महाबळेश्वर, पाटण ते माण, फलटण हा पसारा एका माणसाच्या रविवारांत मावत नाही. एका तालुक्यातही शे-दीडशे गावं सहज निघतात, वाड्या-वस्त्या वेगळ्याच. दिवसाला आठ-दहा गावं झाली तर भरपूर झाली. माझ्या पहिल्या दिवसाच्या यादीत बावीस गावं होती. त्यातली चौदा झाली आणि त्या चौदांचे फोटो पुढे पुन्हा काढावे लागले. का, ते खाली येईलच.

ग्रामपंचायतींची यादी घ्या, तिची रस्त्यांप्रमाणे विभागणी करा आणि एका दिवशी एकच रस्ता धरा. जाताना एक बाजू, येताना दुसरी. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. पाटण-जावळीच्या डोंगरात रेंज कुठल्या वळणावर दगा देईल सांगता येत नाही.

निघण्याआधी प्रत्येक गावाबद्दल एक तरी गोष्ट माहीत करून घ्या. खंडाळा तालुक्यातलं नायगाव हे सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव. पुसेगावजवळचं कटगुण हे जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव. कऱ्हाडजवळचं गोळेश्वर खाशाबा जाधवांचं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. जावळीतलं केडंबे तुकाराम ओंबळ्यांचं. हे ठाऊक असलं की कमानीवर काय शोधायचं ते कळतं. कमानीवर ते नाव नसेल तर तेही कळतं, आणि ते जास्त बोलकं असतं.

पाटी म्हणजे काय काय

नवख्या माणसाला फक्त कमान दिसते. खरं तर गाव आपलं नाव पाच-सहा ठिकाणी लिहितं.

सर्वात कोरडी पाटी सार्वजनिक बांधकाम खात्याची: रस्त्याकडेला, गावाचं नाव, बास. मैलाच्या दगडाच्या डोक्याचा रंग बघा. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य मार्ग, काळा जिल्हा मार्गाचा आणि केशरी ग्रामीण रस्त्याचा. रस्ता रुंद झाला की आधी हा दगड जातो, मग झाड, मग कमान. म्हणून ज्या रस्त्याच्या कडेला चुन्याच्या खुणा पडल्यात तो आधी उरका.

मग एसटीचा निवारा. कमान बांधण्याइतके पैसे नसलेल्या गावाचं नाव कित्येकदा फक्त इथेच असतं, तेही निम्मं जाहिरातीखाली गेलेलं. तेही नसेल तर जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा बघा. शाळेच्या दर्शनी भिंतीवर गावाचं नाव, तालुका, केंद्र असं सगळं व्यवस्थित, वळणदार अक्षरात असतं. वाठार, कोरेगाव, रहिमतपूर अशी पुणे-मिरज मार्गावरची रेल्वे स्टेशनं असतील तर तिथली पिवळी पाटीही गावाचीच पाटी धरा. तिच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, आणि ती माहिती गावातल्या दुसऱ्या कुठल्याही पाटीवर मिळणार नाही.

आणि कमान. तिला पुढची बाजू असते तशी मागचीही असते, हे मी पहिले दोन महिने विसरलो होतो. येताना ‘सहर्ष स्वागत’, जाताना ‘धन्यवाद, पुन्हा या’. काही ठिकाणी ‘पुनरागमनाय च’. मागच्या बाजूला पैसा कमी पडलेला असतो: रंग एकच हात, अक्षरं घाईची, क्वचित नुसता गिलावा. गाव परक्याला काय दाखवतं ते पुढे असतं, आपल्या माणसाला काय दाखवतं ते मागे. दोन्ही घ्या.

पाटी वाचायला शिका

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे. फोटो कोणालाही काढता येतो, पाटी वाचली नाही तर तो फोटो नुसत्या भिंतीचा होतो.

नावापासून सुरू करा. ‘बु॥’ आणि ‘खु॥’ म्हणजे बुद्रुक आणि खुर्द. फारसीतल्या ‘बुजुर्ग’ आणि ‘खुर्द’वरून आलेले, मोठं आणि धाकटं. गोंदवले बुद्रुक आणि गोंदवले खुर्द ही दोन वेगळी गावं आहेत. गोंदवलेकर महाराजांची समाधी बुद्रुकला आहे. नोंद करताना ‘बु॥’ गाळलात तर पुढे तुमचं तुम्हालाच कळणार नाही फोटो कुठला ते. वाठारचं तर विचारूच नका. वाठार स्टेशन, वाठार किरोली, वाठार निंबाळकर, शिवाय कऱ्हाडकडचं वाठार. आमच्याकडे कोणी ‘वाठारला जाऊन आलो’ म्हणालं की समोरचा हटकून ‘कंच्या?’ असं विचारतो.

नुसत्या नावापुढे एखादा शब्द चिकटलेला असेल तर थांबून विचारा. सातारा तालुक्यातलं अपशिंगे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं, कारण पिढ्यान् पिढ्या तिथल्या घराघरातून सैन्यात माणसं गेली. आमच्या जिल्ह्यात गावाचं प्रवेशद्वार हुतात्मा जवानाच्या नावाने असणं यात नवल नाही. अशा कमानीखाली संगमरवरी फरशी असते. तिच्यावर जन्मतारीख, पलटण आणि वीरमरणाची तारीख. ती फरशी वेगळी, जवळून टिपा. लांबून ती पांढरा ठिपका दिसते.

मग पुरस्कार. पाटी कधीची ते ओळखायचं असेल तर तिच्यावर गाव काय मिरवतंय ते वाचा. ‘संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान’ दिसलं तर पाटी २००० च्या आधीची नाही. ‘तंटामुक्त गाव’ असेल तर २००७ नंतरची, कारण ती मोहीम त्या वर्षी १५ ऑगस्टला सुरू झाली. पाणलोटाच्या कामाचं बक्षीस लिहिलं असेल तर बहुधा २०१६ च्या पुढची. त्या वर्षी वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू राज्यात पहिलं आलं आणि त्यानंतर आमच्या भागात पाण्याचं काम ही मिरवायची गोष्ट झाली. जुन्या पाटीवर नव्या बक्षिसाची ओळ वेगळ्या रंगात, बारीक अक्षरांत कोंबलेली असते. ती कोंबाकोंबी फोटोत आली पाहिजे.

आता वस्त्यांच्या नावांबद्दल. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशा नव्या पाट्या लागल्या. कुठे कोपऱ्यात जुनी पाटी अजून गंजत उभी असते. माझा नियम असा: तिचा फोटो संग्रहासाठी काढतो, कारण ती होती हे खरं आहे. पण चारचौघांत टाकत नाही, आणि नोंदीत वस्तीचं नाव नवंच लिहितो. तिथे राहणाऱ्यांनी ते नाव एकदा पुसलंय, मी परत कशाला रंगवू?

सर्वात जास्त वेळ ‘पुनर्वसित’ लिहिलेल्या पाटीसमोर द्या. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी अशा धरणांनी या जिल्ह्यातली गावंच्या गावं उठवली. उरमोडीची माणसं माण-खटावच्या माळावर आली, कोयनेची तर पार दुसऱ्या जिल्ह्यांत गेली. येताना त्यांनी गावाचं नाव बरोबर आणलं. त्यामुळे पश्चिमेच्या झाडीतल्या, ओल्या डोंगरातल्या गावाचं नाव तुम्हाला कुसळाच्या माळावर, सरळ आखलेल्या गल्ल्यांच्या तोंडाशी वाचायला मिळतं. अशाच एका पाटीचा फोटो काढत होतो तेव्हा शेळ्या घेऊन निघालेली एक आजी थांबली. म्हणाली, “पाटी हितली हाय बाबा, गाव तकडं पाण्यात हाय.” मी नोंदवहीत तिचं वाक्य लिहिलं आणि तिच्या शेळ्यांसकट आणखी एक फोटो घेतला. नावाची नुसती पाटी त्या जागी अपुरी पडली असती. आजूबाजूचा माळ, ती आखीव गल्ली, लांब दिसणारी पाण्याची टाकी हे सगळं चौकटीत घ्या.

कधी जायचं

पावसाचं गणित आमच्याकडे दोन टोकांचं आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, तर माण-खटावला जेमतेम पाचशेच्या आसपास. त्यामुळे जुलैत पूर्वेकडची गावं करता येतात, ढगाळ उजेड मिळतो आणि अक्षरं छान उठतात. पश्चिमेकडे तेव्हा धुकं आणि शेवाळ. शेवाळलेली कमान देखणी दिसते हे खरं, पण नाव वाचता येत नाही.

दिवाळी संपल्यापासून माघापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. चैत्र-वैशाखात जत्रा सुरू झाल्या की कमानी फ्लेक्सखाली गडप होतात. त्याआधीच्या जत्रांतही तेच: पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, बावधनला रंगपंचमीच्या बगाडाला, पालीला खंडोबाच्या लग्नाला गेलात तर कमान शोधावी लागेल. पण माझं मत थोडं वेगळं आहे. फ्लेक्सनेही पाटीच्या इतिहासात भर पडते. वाढदिवसाचे शुभेच्छुक, नवनिर्वाचित सरपंच, दहावीत पहिल्या आलेल्या मुलीचं अभिनंदन, दशक्रिया विधीची सूचना. एक फोटो फ्लेक्ससकट, एक तो उतरल्यावर. फ्लेक्सची दोरी स्वतः सोडायला मात्र जाऊ नका. त्यावर ज्याचा फोटो आहे तो समोरच्या टपरीवरच बसलेला असतो.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की आणखी एक गंमत. कमानीवरचं ‘यांच्या फंडातून’ आणि कोनशिलेवरचं नाव कागदाने, कापडाने किंवा चुन्याने झाकलं जातं. हा फोटो पाच वर्षांत मोजक्याच दिवसांत मिळतो.

आता उन्हाबद्दल, म्हणजे त्या चौदा वाया गेलेल्या फोटोंबद्दल. मी ते दुपारी बारा ते तीनमध्ये काढले होते. पांढरी कमान, मागे पांढरं आभाळ, अक्षरं करडी. शिवाय कमानीच्या पट्टीची सावली नेमकी नावावर. तेव्हापासून प्रत्येक कमानीचं तोंड कुठे आहे ते वहीत लिहितो. पूर्वमुखी सकाळी, पश्चिममुखी संध्याकाळी, दक्षिणमुखी हिवाळ्यात जवळजवळ दिवसभर. अडचण उत्तरमुखीची. सातारा साधारण साडेसतरा-पावणेअठरा अंश उत्तरेला आहे, म्हणजे मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला जातो तो फक्त मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत, शून्य सावलीच्या दोन दिवसांच्या मधे. बाकी वर्षभर उत्तरेची बाजू दुपारी सावलीत. तिच्यासाठी पातळ ढगांचा दिवस धरा किंवा उन्हाळ्यातली अगदी सकाळ. आमच्या पूर्वजांनी वेशी कुठल्या हिशेबाने बांधल्या माहीत नाही, पण फोटोवाल्यांची सोय त्यात नव्हती.

सामान आणि प्रत्यक्ष फोटो

फोन पुरतो. बरोबर पॉवर बँक, काच पुसायला सुती रुमाल, जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल. पेन चालत नाही असं नाही, पण पावसाच्या थेंबाने माझी कोरेगावची सहा पानं निळी झालीत.

कमानीच्या अगदी खाली उभं राहून फोन वर करून फोटो काढू नका. खांब एकमेकांकडे झुकतात आणि कमान मागे पडतेय असं दिसतं. वीस-पंचवीस पावलं मागे जा, फोन सरळ उभा धरा, पडद्यावरची चौकटीची जाळी चालू ठेवा आणि दुप्पट झूम वापरा. खाली डांबर जास्त आलं तर नंतर कापता येतं. मागे जायला जागाच नसेल तर सरळ तिरकस उभे राहा. तिरका फोटो चालतो, लोळलेला नाही. पांढऱ्या कमानीवर फोन हमखास फसतो. पडद्यावर अक्षरांवर बोट टेकवा आणि उजेड थोडा कमी करा.

बांधकाम खात्याच्या चकाकत्या पाट्यांवर फ्लॅश मारलात तर सगळी पाटी पांढरी फटक येईल. संध्याकाळी नुसत्या उजेडात काढा. हल्ली कमानींवर लाल-हिरवी सरकती अक्षरं बसवतात. त्यांचा फोटो नेहमीच्या वेगाने काढला तर निम्मी अक्षरं गायब होतात, कारण दिवे डोळ्याला कळणार नाही इतक्या झपाट्याने मिचकावत असतात. शटर एक पन्नासांश सेकंदावर किंवा त्याहून मंद आणा, फोन कशाला तरी टेकवा आणि सात-आठ फोटो काढा. एकात तरी गावाचं नाव पुरं येईल.

प्रत्येक पाटीचे मी चार फोटो घेतो. एक समोरून, सरळ, पूर्ण. एक लांबून, रस्ता आणि गाव दिसेल असा. एक मागच्या बाजूचा. आणि एक कोपऱ्याचा.

कोपरा का, ते सांगतो. खटावमध्ये एका कमानीवर पेंटर काम करत असताना मी पोचलो. बांबूची परांची, खाली रंगाचे तीन डबे, वर हा गृहस्थ अनवाणी. त्याने निळीत बुडवलेला दोरा पट्टीच्या दोन टोकांना ताणून धरला, मधे टिचकी मारली. सरळ निळी रेघ उमटली. मग त्या रेघेवरून शिरोरेखा ओढली, आणि अक्षरं तिला एकेक करून टांगल्यासारखी खाली उतरवत गेला. ‘स्वागत’ त्याने न बघता लिहिलं. गावाच्या नावाशी आल्यावर खिशातून चिठ्ठी काढली, दोनदा वाचली. मी विचारलं तर म्हणाला, “स्वागत सगळीकडं सारखंच असतंय. गावाचं नाव चुकलं तर गाव सोडतंय व्हय?” शेवटी उजव्या खालच्या कोपऱ्यात त्याने स्वतःचं नाव, पेंटर म्हणून, आणि मोबाइल नंबर टाकला. तेव्हापासून मी जुन्या कमानींवरही तो कोपरा शोधतो. एकाच हाताचं वळण चार-पाच गावांत सापडायला लागतं, ‘ळ’ची गाठ ओळखीची होते. संगणकावर कापलेली अक्षरं आल्यापासून हे कोपरे रिकामे व्हायला लागलेत, त्यामुळे रंगवलेल्या कमानी आधी करा, स्टीलच्या अक्षरांच्या नंतर. फोटो कुठे टाकणार असाल तर तो मोबाइल नंबर तेवढा पुसून टाका.

लोक विचारणारच

भर रस्त्यावरून कमानीचा फोटो काढायला कोणाची परवानगी लागत नाही. तरी दहा मिनिटांत कोणीतरी गाडी थांबवून विचारतं, “काय पाव्हणं, कशाचा फोटो?” यामागे भीती असते ती बहुतेक वेळा जमिनीची: रस्ता रुंदीकरणाची मोजणी आली की काय. एकदा एका काकांनी माझी वही मागून घेतली आणि पानं चाळून बघितली. दिशा आणि पावलांचे आकडे दिसल्यावर त्यांचा संशय आणखीच वाढला. मग फोनमधले शेजारच्या गावांचे फोटो दाखवले, तेव्हा सूर बदलला. “त्यांच्यापेक्षा आमची मोठी हाय,” असं म्हणून त्यांनी स्वतः ट्रॅक्टर बाजूला घेतला.

म्हणून आधीच टपरीवर चहा घ्या आणि कशाला आलोय ते सांगून टाका. ‘प्रकल्प’, ‘सर्व्हे’, ‘माहिती गोळा करतोय’ असले शब्द तोंडातून काढू नका. “तालुक्यातल्या सगळ्या कमानींचे फोटो काढतोय, छंद आहे” एवढं पुरतं. कमान कधी बांधली, आधी काय होतं, पैसे कोणी दिले हे तिथेच कळतं. जुनी वेस कुठे होती तेही विचारा. कित्येक गावांत आजची कमान फाट्यावर असते आणि खरी वेस आत, मारुतीच्या देवळापाशी, दोन दगडी बुरूज उरलेली. तिथे कोणी पाटी लावलेली नसते.

दोन पथ्यं. महापुरुषांच्या नावाच्या कमानीच्या चौथऱ्यावर चपला घालून चढू नका, उंचीसाठी तर नाहीच. आणि कमानीला कोणाचं नाव द्यायचं यावरून काही गावांत अजून धुसफूस आहे, तिथे आपलं मत विचारलं तरी देऊ नका.

रस्त्याचं भान

हे थोडक्यात, पण गंभीरपणे. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून कारखाने चालू होतात आणि दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागची ट्रॉली वळणावर आत ओढली जाते आणि तिला मागे दिवा असेलच असं नाही. कमानीतून ती जाताना तुम्ही खांबाशी नसलेलंच बरं. रस्त्याच्या मधोमध उभं राहून सरळ फोटो घ्यायचा मोह होतो. एक माणूस रस्ता बघायला असल्याशिवाय तो करू नका. गाडी फाट्याच्या आत लावा. महामार्गावर, म्हणजे शिरवळपासून कऱ्हाडपर्यंत, मी पाट्या टिपतच नाही. सेवा रस्त्यावरून जे दिसेल ते.

नोंद त्याच दिवशी

घरी आल्यावर लिहू म्हणालात की संपलं. आठ कमानी एका दिवसात बघितल्या की रात्री त्या एकमेकींत मिसळतात. जागेवरच लिहा: पाटीवर आहे तसं नाव, तालुका, रस्ता, तोंडाची दिशा, कशाची बनलीय, तारीख आणि पूर्ण मजकूर. मजकूर दुरुस्त करू नका. ‘हार्दीक’ असेल तर ‘हार्दीक’च, ‘करित’ असेल तर ‘करित’च. कुठलं गाव शुद्धलेखनात नापास झालं ते हसून दाखवायला मात्र हे फोटो वापरू नका, ते फार स्वस्त काम आहे.

फोटोच्या फाइलला लगेच नाव द्या: तालुका, गाव, कमान की पाटी, दिशा, तारीख, या क्रमाने. फोनमध्ये ठिकाणाची नोंद चालू ठेवा आणि दोन ठिकाणी प्रती करा.

सगळ्यांसाठी ठेवायचे असतील तर विकिमीडिया कॉमन्स चांगली जागा आहे, पण तिथे कायद्याची एक मेख आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या वास्तूचा किंवा शिल्पाचा फोटो काढून प्रसिद्ध करता येतो. भिंतीवरच्या चित्राला ही सूट नाही. त्यामुळे सिमेंटची कमान आणि तिच्यावरचा पुतळा चालतो, पण भिलारला गेलात, जिथे मे २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव सुरू झालं, तर तिथल्या चित्रकारांनी रंगवलेल्या भिंतींचे जवळून काढलेले फोटो स्वतःपुरते ठेवा. फ्लेक्सवरच्या माणसांच्या चेहऱ्यांचंही तेच.

एक शेवटचं कलम वहीत हवंच: तुम्ही कुठे उभे होतात. मी पावलांत लिहितो. ‘कडुलिंबापासून सोळा पावलं, नाल्याच्या पुलाकडे’ असं. पुढच्या दिवाळीनंतर त्याच जागी उभं राहून पुन्हा फोटो काढायचा असतो. कडुलिंब असेलच याचा भरवसा नाही, म्हणून अलीकडे पुलाच्या कठड्यापासूनचंही अंतर लिहून ठेवतो.